निसर्गपाठ : झुपकेदार सुरवंट आणि त्याची पंखहीन माता

खेड्यातील मुलास सुरवंटाची ओळख शाळेत करून द्यावी लागत नाही. एरंडाच्या पानाखाली, आंब्याच्या खोडावर, गुलाबाच्या फांदीवर तो त्यास आधीच भेटलेला असतो. मूल त्याच्याविषयी बहुधा दोनच गोष्टी जाणते : अंगास लागला की खाज सुटते, आणि दिसला की चिरडावा. यांपैकी पहिली गोष्ट खरी असली तरी अपुरी आहे. दुसरी तर अपायकारक आहे. कारण सुरवंट चिरडला म्हणजे त्याचे केस नाहीसे होत नाहीत, उलट ते मोकळे होऊन हातास, कपड्यास व धुळीस लागतात. जे प्राणी मुलांच्या नित्य पाहण्यात आहेत, त्यांच्याविषयी यथार्थ ज्ञान देणे हे निसर्ग-अभ्यासाचे पहिले काम होय. त्या दृष्टीने सुरवंटांच्या एका विशिष्ट प्रजातीचा, म्हणजे ओर्गिया या प्रजातीचा, परिचय व त्यावर घ्यावयाचा पाठ येथे दिला आहे.

नाव व स्थान

फुलपाखरे व पतंग हे कीटकांच्या ज्या गणात मोडतात, त्याचे नाव लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी. त्यांच्या पंखांवर जी धूळ दिसते व बोटास लागते, ती धूळ नसून अतिसूक्ष्म खवले असतात. या गणात पतंगांचा एक मोठा समूह असा आहे की, ज्याच्या अळ्यांच्या पाठीवर केसांचे दाट झुपके उभे असतात. इंग्रजीत त्यांस टसॉक मॉथ म्हणतात. टसॉक म्हणजे गवताचा झुपका. पूर्वी या समूहास लिमॅन्ट्रिइडी नावाचे स्वतंत्र कुल मानीत असत. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून त्याची गणना एरेबिडी या विशाल कुलातील एक उपकुल म्हणून होऊ लागली आहे. जुन्या पुस्तकात एक नाव व नव्या पुस्तकात दुसरे आढळल्यास शिक्षकांनी गोंधळून जाऊ नये. प्राणी तेच आहेत, फक्त त्यांच्या नात्यागोत्याचे ज्ञान वाढले आहे.

ओर्गिया हे या समूहातील एका प्रजातीचे नाव. जवळचे नाते असलेल्या अनेक जाती मिळून एक प्रजाती होते, हे मुलांस सांगावे. हे नाव १८१० साली फर्डिनांड ओक्सेनहायमर याने दिले. हा जर्मन गृहस्थ व्यवसायाने नट होता आणि कीटकांचा अभ्यास त्याने आवडीने केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दोन्ही बाहू पसरल्यावर होणारे अंतर, म्हणजे आपल्याकडे ज्यास वाव म्हणतात ते माप. पतंग विसावला असता केसाळ पुढचे पाय लांब पसरून बसतो, त्यावरून हे नाव पडले असे समजतात. आपल्या देशात आढळणाऱ्या जातीचे नाव ओर्गिया पोस्टिका. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५५ साली तिचे वर्णन केले. भारत, श्रीलंका व आग्नेय आशिया येथे ती सर्वत्र आहे. एरंड, आंबा, गुलाब, चहा, लिची, सोयाबीन अशा भिन्नभिन्न वनस्पतींची पाने तिची अळी खाते. एकाच झाडावर अवलंबून नसल्यामुळे तिला अन्नाची वाण पडत नाही.

अळीची शरीररचना

अळीचे शरीर डोके, वक्ष व उदर अशा तीन भागांचे असते. वक्षाचे तीन खंड व उदराचे दहा खंड. वक्षाच्या प्रत्येक खंडास खऱ्या पायांची एक जोडी असते. हेच तीन जोड पाय पुढे पतंगाचे सहा पाय होतात. याशिवाय उदराच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या व सहाव्या खंडांस एकेक आणि शेवटच्या खंडास एक अशा मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. हे मांसल पाय फांदी घट्ट धरण्याच्या कामी येतात आणि पतंगावस्थेत नाहीसे होतात. म्हणजे अळीस एकंदर आठ जोड्या, सोळा पाय. ‘कीटकास सहा पाय असतात, मग सुरवंटास सोळा कसे?’ असा प्रश्न चौकस मूल विचारतेच. त्याचे उत्तर या खऱ्या व मांसल पायांच्या भेदात आहे.

ओर्गियाच्या अळीची खरी खूण तिच्या केसांच्या मांडणीत आहे. ती खूण चार ठिकाणी पाहावी.

१. पाठीवरील चार झुपके : उदराच्या पहिल्या चार खंडांवर एकापाठोपाठ एक असे चार दाट व वरून सारखे कातरल्यासारखे झुपके असतात. दाढी करण्याच्या कुंचल्याचे केस जसे उभे राहतात, तसे ते दिसतात. त्यांचा रंग पांढरट, पिवळसर किंवा तपकिरी असतो.

२. पुढील दोन तुरे : डोक्याच्या दोन्ही बाजूंस लांब काळ्या केसांचा एकेक तुरा पुढे आलेला असतो. अळीस जणू दोन शिंगे आहेत असा भास होतो.

३. मागील एक तुरा : उदराच्या आठव्या खंडावर तसाच एक तुरा मागच्या बाजूस झुकलेला असतो.

४. दोन रंगीत ठिपके : उदराच्या सहाव्या व सातव्या खंडांवर पाठीच्या मधोमध लाल किंवा नारिंगी रंगाचा एकेक उंचवटा असतो. हे ठिपके नसून ग्रंथींची तोंडे आहेत. झुपक्यांच्या या संपूर्ण उपकुलाची ती महत्त्वाची खूण होय.

ही लक्षणे ध्यानात ठेवली म्हणजे इतर केसाळ अळ्यांपासून हिला वेगळे ओळखता येते. सूर्यफूल व कडधान्यांवर येणाऱ्या बिहार केसाळ अळीच्या अंगभर लांब केस असतात, परंतु पाठीवर असे कातरलेले चार झुपके नसतात. शेवग्याच्या खोडावर एकत्र गोळा होऊन बसणाऱ्या केसाळ अळ्या तर निराळ्याच कुलातील आहेत. ‘सुरवंट’ हे एक नाव असले तरी त्याखाली अनेक कुळांचे प्राणी येतात, एवढे जरी मुलांस समजले तरी पाठाचा एक हेतू साध्य झाला.

पंख असलेला नर, पंख नसलेली मादी

अळी पूर्ण वाढली म्हणजे ती रेशमाचा विरळ कोश विणते आणि स्वतःच्या अंगावरील केस त्या कोशात गुंफते. मादी होणारी अळी नर होणाऱ्या अळीहून मोठी असते व बहुधा एक कात अधिक टाकते. कोशातून काही दिवसांनी पतंग बाहेर पडतो, आणि येथेच या प्रजातीचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य दिसते.

नर हा नेहमीच्या पतंगासारखा असतो. तो आकाराने लहान, अंगाने सडपातळ, रंगाने तपकिरी असून त्याच्या पुढच्या पंखांवर गडद नागमोडी रेषा असतात. त्याच्या डोक्यावर मिशांसारखे दोन अवयव असतात. त्यांस शास्त्रात शृंगिका म्हणतात. नराच्या शृंगिका पिसासारख्या असतात, म्हणजे मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस दातेरी फण्यांची रांग असते.

मादीस मात्र पंख नसतात. पंखांच्या जागी केवळ आखूड खुंट असतात. तिचे शरीर फुगीर व केसाळ असून ते जवळजवळ सर्व अंड्यांनीच भरलेले असते. तिला पाहून हा पतंग आहे असे मुलांस वाटणार नाही. कोशातून बाहेर आल्यावर ती दूर जात नाही. त्याच कोशास धरून बसते आणि हवेत एक गंध सोडते. तो गंध माणसास येत नाही, परंतु नराच्या पिसांसारख्या शृंगिका तो दुरूनही टिपतात आणि त्या गंधाच्या मागाने नर तिच्यापर्यंत येतो. नंतर ती आपल्याच कोशावर शेकडो अंडी घालते आणि थोड्याच काळात मरते. नर व मादी दोघांचीही मुखांगे खुंटलेली असल्यामुळे पतंगावस्थेत ते काही खात नाहीत. अळीच्या अवस्थेत साठविलेल्या अन्नावरच त्यांचे अल्प आयुष्य निभते.

पंख का नाहीत, याचा विचार वर्गात अवश्य व्हावा. पंख व उड्डाणाचे स्नायू वाढविण्यास अन्न खर्ची पडते. मादीने ते अन्न अंड्यांकडे वळविले, तर अंडी अधिक होतात. परंतु त्याबरोबर एक अडचण उत्पन्न होते. मातेस उडता येत नाही, अंडी एकाच जागी पडतात, मग शेकडो पिल्लांनी एकाच फांदीवर कसे जगावे? निसर्गात याची तोड अशी निघाली आहे की, अंड्यातून नुकतीच निघालेली अळी फांदीच्या टोकाशी जाते, रेशमाचा धागा सोडून लोंबकळते आणि वाऱ्याच्या झोताबरोबर उडून जाते. तिचे लांब केस तिला वाऱ्यावर तरंगण्यास साहाय्य करतात. म्हणजे जे काम माता पंखांनी करीत नाही, ते पिल्लू धाग्याने करते. हिच्या पिल्लांनी अनेक प्रकारची पाने का खावीत, याचाही उलगडा येथे होतो. वारा कोणत्या झाडावर नेऊन टाकील याचा भरवसा नसतो.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा उबदार हवेत महिना-दीड महिन्यात पुरा होतो. त्यामुळे एका सत्रातच मुलांस सर्व अवस्था पाहावयास मिळू शकतात.

मुलांच्या प्रकृतीचा प्रश्न

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. झुपकेदार अळ्यांच्या केसांमुळे कातडीवर पुरळ उठते, गांधी येतात व तीव्र खाज सुटते. सर्व जातींचे केस सारखेच त्रासदायक नसतात. एरंड व इतर झाडांवर आढळणाऱ्या युप्रोक्टिस या नातेवाईक प्रजातीच्या अळ्यांचा उपद्रव विशेष असतो. परंतु कोणती अळी निरुपद्रवी व कोणती नव्हे, हा निवाडा मुलावर सोपवू नये. सर्वच केसाळ अळ्यांना हात लावावयाचा नाही, हाच नियम योग्य.

हा त्रास केवळ रानात होतो असे नाही. २०११ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या हिल्सबरो परगण्यात बालसंगोपन केंद्रांतील मुलांच्या अंगावर पुरळ उठले, आणि त्याचे कारण ओर्गिया प्रजातीचीच एक जात ठरली. या उदाहरणापासून शिक्षकांनी दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, वर्गातील अनेक मुलांस एकाच सुमारास पुरळ उठले तर अंगणातील झाडे, कुंपण व वळचण यांकडेही पाहावे. दुसरा असा की, अळ्या दिसेनाशा झाल्या म्हणजे धोका टळला असे नव्हे. जुन्या कोशांत गुंफलेले केस अळी गेल्यावरही तेथेच राहतात. भिंतीवर, पन्हाळीखाली वा खिडकीच्या चौकटीवर चिकटलेले असे कोश मुलांकडून झाडूने झाडवून घेऊ नयेत. केस धुळीत मिसळून उडतात. मोठ्या माणसाने हात व तोंड झाकून ते ओल्या फडक्याने काढावेत आणि ते फडके पुरून टाकावे.

केस लागल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१. अंगावर अळी असेल तर तिला हाताने झटकू नये; काडीने किंवा कागदाने अलगद उचलून बाजूस करावे.

२. खाज सुटली तरी त्या जागी चोळू नये. चोळल्याने केस मोडून अधिक खोल रुततात.

३. चिकटपट्टीचा तुकडा त्या जागी हलकेच दाबून उचलावा. सुटे केस पट्टीस लागून निघतात. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्यावा.

४. नंतर साबण व वाहत्या पाण्याने जागा धुवावी. अंगावरील सदरा बदलावा व वेगळा धुवावा.

५. केस डोळ्यात गेला असल्यास मुलास डोळा चोळू देऊ नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. सुरवंटाचा केस डोळ्याच्या आत शिरू शकतो व वेळीच न काढल्यास दृष्टीस अपाय होऊ शकतो. खाज थांबली, म्हणजे केस निघाला, असे गृहीत धरू नये.

६. श्वास घेण्यास त्रास, ओठ वा चेहरा सुजणे, ही लक्षणे दिसल्यास मुलास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

या सूचना शाळेत लावून ठेवाव्यात व पालकसभेत वाचून दाखवाव्यात. पालक कामावर व मूल एकटे असता हाच प्रसंग घरी येऊ शकतो.

शत्रू व समतोल

अपाय करतो म्हणून सुरवंट समूळ नष्ट करावा, असा विचार मुले मांडतील. त्यास उत्तर द्यावे ते पुराव्याने. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात ओर्गियाची एक जात सूचिपर्णी वृक्षांची पाने फस्त करते. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथे तिची मोठी धाड आली. त्या देशाने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली होती. तरीही १९७४ मध्ये या अळीसाठी विशेष परवानगीने जंगलांवर डीडीटी फवारण्यात आले. परंतु अशा धाडी पुष्कळदा आपोआपही ओसरतात, कारण अळ्यांची दाटी झाली की त्यांच्यात एक विषाणुजन्य रोग फैलावतो व त्या मोठ्या संख्येने मरतात. पुढे याच विषाणूचा उपयोग नियंत्रणासाठी करण्यात आला.

आपल्या परिसरातही सुरवंटाचे शत्रू आहेत. सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या त्याच्या अंड्यांत व शरीरात आपली अंडी घालतात. बहुतेक पक्षी केसाळ अळ्या टाळतात. पण पावशा व चातक हे कोकिळेच्या कुळातील पक्षी त्या आवडीने खातात. ‘पेरते व्हा’ असा पुकारा करणारा पावशा हा शेतकऱ्याचा केवळ पंचांगकर्ता नसून राखणदारही आहे, हे मुलांस सांगावे. सरसकट विष फवारले तर राखणदारही मरतात. शाळेच्या आवारात अळ्या फार झाल्यास अंड्यांचे पुंजके असलेले कोश मोठ्या माणसाने वेळीच काढून टाकणे, हा सोपा व निर्धोक उपाय होय. मादी उडत नसल्यामुळे अंडी कोशावरच सापडतात. प्राण्याची शरीररचना माहीत असल्याचा हा प्रत्यक्ष लाभ आहे.

पाठ कसा घ्यावा

अळी बाटलीत ठेवण्यापेक्षा झाडावरच पाहणे अधिक चांगले. जेथे अळी दिसेल त्या फांदीस शिक्षकाने रंगीत चिंधी बांधावी व मुलांनी हातभर अंतरावरून पाहावे. पाहण्यापूर्वी मुलांनी हात पाठीमागे धरावेत. हा नियम खेळासारखा शिकविला म्हणजे अंगवळणी पडतो. प्रथम काहीही न सांगता प्रत्येकाने काय पाहिले ते विचारावे. नंतर फळ्यावर अळीची आकृती काढून चार झुपके, तीन तुरे व दोन ठिपके मुलांकडूनच जागच्या जागी भरून घ्यावेत. पुढे तारखेनुसार निरीक्षण-वहीत नोंद व्हावी : अळी कोणते पान खाते, कात केव्हा टाकली, कोश केव्हा केला, कोशातून काय निघाले. कोशावर पंख नसलेला केसाळ जीव बसलेला आढळल्यास तो काढू नये. नराची वाट पाहणारी ती मादी असेल.

पाठाच्या अखेरीस पुढील प्रश्न विचारावेत :

१. सुरवंटाच्या सोळा पायांपैकी पुढे पतंगास किती राहतात? ते कोणते?

२. नराच्या शृंगिका पिसासारख्या असण्याचा उपयोग काय?

३. मातेस पंख नसताना तिची पिल्ले दुसऱ्या झाडावर कशी पोहोचतात?

४. सुरवंट चिरडल्याने धोका कमी होतो की वाढतो? का?

५. मित्राच्या डोळ्यात सुरवंटाचा केस गेला, तर तुम्ही प्रथम काय कराल व काय करणार नाही?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे काही मुलांस आली नाहीत तरी पाठ पुन्हा घेता येईल. पाचव्याचे उत्तर मात्र वर्गातील प्रत्येक मुलास आलेच पाहिजे, आणि ते आल्यावाचून हा पाठ पूर्ण झाला असे मानू नये.